टोरोंटोचें जुनें हिमक्रीडागृह

कॅनडा म्हटलें म्हणजे आपल्याकडे शाळेंत शिकलेल्या मनुष्याच्या डोळ्यांपुढें गहूं, इमारती लांकूड, नायगाराचा धबधबा आणि बर्फ अशा चार गोष्टी उभ्या राहतात. मींहि वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांकडून हींच चार नांवें घोकून घेतलीं. परंतु ‘तेथें बर्फ पडतो’ एवढें सांगून थांबणें हा अपुरा भूगोल होय. त्या बर्फाचें तेथील लोकांनीं काय केलें, हें सांगितल्यावांचून त्या देशाची ओळख पुरी होत नाहीं. त्यांनीं बर्फावर एक खेळ बसविला, त्या खेळासाठीं मोठमोठीं घरें बांधलीं, आणि पुढें त्या घरांत बर्फहि ते स्वतःच तयार करूं लागले. श्रोतेहो, अशाच एका घराची हकीकत आज सांगावयाची आहे. तें टोरोंटो शहरांत कार्लटन स्ट्रीट व चर्च स्ट्रीट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभें आहे. त्याचें नांव मेपल लीफ गार्डन्स. मेपल वृक्षाचें पान हें कॅनडाचें आवडतें चिन्ह. तेव्हां नांवांतील पानाचा अर्थ लागतो. बाग मात्र तेथें कधींच नव्हती. १९३१ सालीं हें घर लोकांसाठीं उघडलें, म्हणजे आज त्याचें वय नव्वदीच्या पुढें गेलें आहे.

वयामुळेंच त्याची कथा सांगावी असें नाहीं. १९४२ पासून १९६७ पर्यंत बर्फावरील हॉकीच्या सर्वांत मोठ्या संघमंडळांत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्यें, सहाच संघ खेळत असत. माँट्रिआल, टोरोंटो, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो हीं त्यांचीं सहा शहरें. आणि प्रत्येक शहरीं त्या संघाचें एकेक विख्यात क्रीडागृह. हीं सहाहि घरें १९२४ ते १९३१ या सातआठ वर्षांतलीं. म्हणजे तीं एका पिढीचीं भावंडेंच म्हणावयाचीं. त्यांपैकीं न्यूयॉर्क, डेट्रॉइट, शिकागो व बोस्टन येथील चार पाडलीं गेलीं. माँट्रिआलच्या घराची इमारत राहिली, परंतु तिच्या पोटांत सिनेमागृहें व दुकानें आलीं. सहांपैकीं ज्यांत अजून खेळाचा बर्फ आहे असें घर एकच उरलें, आणि तें टोरोंटोचें. पांच गेलीं असतां हें एकच कसें टिकलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण आपल्याकडे हॉकी म्हणजे मोकळ्या मैदानावरचा, चेंडूचा खेळ. बर्फावरील हॉकींत चेंडू नसतो. तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची कठीण रबराची चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. खेळाडूंच्या बुटांना खालीं पोलादी पातीं लावलेलीं असतात. एका बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू. मैदान दोनशें फूट लांब व पंचाऐंशी फूट रुंद, आणि त्याच्या भोंवतीं कठडा. त्यामुळें पक भिंतीवर आपटून परत येते आणि खेळ फारसा थांबत नाहीं. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग इतका असतो कीं खेळाडू मिनिटाभरांतच थकतात, आणि खेळ चालू असतांनाच ते बाहेर येऊन त्यांच्या जागीं दुसरे उडी घेतात. इतका वेगवान खेळ शब्दांनीं सांगणें अवघड खरें. तरी याच घराला शब्दांनींच मोठें केलें, तें पुढें येईलच.

आतां बर्फाविषयीं. चार भिंतींच्या आंत ठरवून खेळलेला पहिला सामना ३ मार्च १८७५ रोजीं माँट्रिआल येथील व्हिक्टोरिया रिंकमध्यें झाला असें मानतात. तेथील बर्फ निसर्गाचा होता. थंडी पडली तर खेळ, ऊन पडलें तर चिखल, असा तो कारभार. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर तर हिवाळा सौम्य. तेथें पॅट्रिक बंधूंनीं १९११ सालीं व्हिक्टोरिया व व्हँकूव्हर या दोन शहरीं यंत्रानें बर्फ करणारीं क्रीडागृहें बांधलीं. तेव्हांपासून कॅनडांतील हॉकी आभाळाच्या मर्जींतून सुटली.

ही युक्ति काय आहे, तें आपल्या गृहिणींना चटकन् समजेल. घरीं आइस्क्रीमचा पॉट फिरवितांना आपण बर्फांत मीठ घालतों. मिठामुळें बर्फ वितळतो. पण वितळून झालेलें खारें पाणी साध्या बर्फाहूनहि थंड होतें आणि तरी गोठत नाहीं. हाच गुण येथें कामाला लावलेला असतो. मैदानाच्या काँक्रीटच्या फरशींत नळ्यांचें दाट जाळें पुरलेलें असतें. यंत्रघरांत अमोनियाच्या साहाय्यानें क्षारयुक्त पाणी शून्य अंशाच्या पुष्कळ खालीं थंड करून तें या नळ्यांतून सतत खेळवितात. फरशीवर पाण्याचे पातळ थर एकामागून एक दिले कीं प्रत्येक थर गोठत जातो. खालच्या थरांवर पांढरा रंग देऊन लाल व निळ्या रेघा ओढतात आणि त्यावर पुन्हां पाणी घालतात. म्हणून रेघा बर्फाच्या पोटांत दिसतात. सारा मिळून हा बर्फ इंच दीड इंच जाडीचा. पोलादी पात्यांनीं तो वीस मिनिटांत खरवडून निघतो. मग दोन डावांच्या मध्यें त्यावर गरम पाणी फिरवितात. गरम कशाला, असें कोणी विचारील. तर गरम पाण्यानें ओरखड्यांच्या कडा किंचित् वितळतात आणि जुनें व नवें पाणी एकजीव होऊन गोठतें. पूर्वीं हें काम माणसें पिंपें ओढून करीत. १९४९ सालीं कॅलिफोर्नियांत फ्रँक झांबोनी या गृहस्थानें त्यासाठीं एक यंत्रगाडी तयार केली, आणि आज जगभर ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

तात्पर्य, असा बर्फ ही एकदां करून ठेवण्याची वस्तु नाहीं. यंत्र थांबलें कीं त्याचें पाणी होतें. तो रोज राखावा लागतो. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी.

टोरोंटोंत १९१२ पासून म्युच्युअल स्ट्रीटवर एक हिमक्रीडागृह होतें. त्यांत सुमारें आठ हजार माणसें मावत. १९२७ सालीं कॉन स्माइद या धडाडीच्या गृहस्थानें कांहीं धनिकांना जमवून टोरोंटोचा संघ विकत घेतला आणि त्याचें जुनें नांव बदलून ‘मेपल लीफ्स’ असें ठेवलें. स्माइद हा वाळू व खडीचा व्यापारी, पहिल्या महायुद्धांत लढलेला, स्वभावानें करडा. १९३० सालीं त्याला क्लॅन्सी नांवाचा एक उत्तम खेळाडू ऑटावाच्या संघाकडून घ्यावयाचा होता. किंमत ३५ हजार डॉलर आणि वर दोन खेळाडू. मंडळाकडे तेवढे पैसे नव्हते. स्माइदच्या मालकीची रेअर ज्युएल नांवाची एक घोडी होती. तिच्याकडून कोणालाच आशा नव्हती. ती त्या वर्षीं शर्यत जिंकली, आणि त्या पैशांचा कांहीं भाग क्लॅन्सीच्या किंमतींत गेला. शर्यतीच्या पैजांची भलामण करण्याचा माझा हेतु नाहीं; परंतु या घराच्या पायाखालीं धोंड्यांबरोबर थोडें नशीबहि पुरलेलें आहे, एवढें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

संघ चांगला झाला आणि जागा अपुरी पडूं लागली. स्माइदनें मोठें घर बांधण्याचें ठरविलें. परंतु काळ कोणता? १९२९ च्या शरद ऋतूंत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता आणि १९३१ सालीं मंदीनें उत्तर अमेरिकेला घेरलें होतें. कारखाने बंद, माणसें बेकार, बँका हात आखडून बसलेल्या. अशा वेळीं दीड कोट डॉलरचें नव्हे, पण पंधरा लाख डॉलरचें क्रीडागृह बांधावयाचें, हा पुष्कळांना वेडेपणा वाटला. ईटन या प्रसिद्ध दुकानदार कंपनीकडून जागा साडेतीन लाख डॉलरांना मिळाली. माँट्रिआलच्या रॉस अँड मॅक्डोनल्ड या स्थापत्यकारांनीं नकाशे केले. शेअर विक्रीस काढले. तरीहि रक्कम पुरी पडेना, आणि बेत मोडण्याची वेळ आली.

या ठिकाणीं फ्रँक सेल्की हा ठेंगणा, शांत गृहस्थ पुढें येतो. तो स्माइदचा साहाय्यक. परंतु मूळचा वीजकाम करणारा आणि कामगार संघटनेंतला माणूस. त्यानें गवंडी, सुतार, लोहार, वीजकाम करणारे अशा निरनिराळ्या संघटनांच्या प्रमुखांपुढें जाऊन एक प्रस्ताव मांडला. तुमच्या मजुरीचा पांचवा हिस्सा रोख न घेतां या घराच्या शेअरांच्या रूपानें घ्या. काम मिळेल, आणि जें बांधाल त्यांत तुमचा वांटाहि राहील. बेकारीच्या दिवसांत रोख पैशांतून पांचवा हिस्सा सोडणें ही लहान गोष्ट नव्हे. त्या हिश्शावर एखाद्या घरची चूल अवलंबून असते. तरीहि संघटनांनीं होकार दिला. मजूर विश्वास ठेवतात असें दिसल्यावर बँकेलाहि धीर आला. आरंभीं त्या शेअरांचा भाव पडला आणि गरजूंनीं ते मिळेल त्या किंमतीस विकले. ज्यांना धीर धरतां आला त्यांना पुढें चांगला लाभ झाला.

१ जून १९३१ रोजीं कामास आरंभ झाला, आणि १२ नोव्हेंबर १९३१ रोजीं रात्रीं त्याच घरांत पहिला सामना खेळला गेला. म्हणजे अवघे साडेपांच महिने! पिवळसर विटांची भारदस्त इमारत, वर पोलादी घुमट, आणि प्रेक्षकाच्या नजरेआड येणारा एकहि खांब आंत नाहीं. पलटणींचे बँड वाजले, भाषणें झालीं. प्रेक्षक लवकर खेळ सुरू करा म्हणून ओरडूं लागले. तेरा हजारांवर माणसें जमलीं होतीं. पहिला गोल शिकागोच्या हॅरल्ड मार्च या छोट्या चणीच्या खेळाडूनें केला, आणि सामना शिकागोनें २-१ असा जिंकला. गृहप्रवेशालाच यजमान हरले. परंतु त्याच हंगामांत, १९३२ च्या वसंतांत, त्यांनीं स्टॅन्ली चषक जिंकून ती उणीव भरून काढली.

स्माइदची शिस्त कडक होती. हें तमाशाचें ठिकाण नव्हे, सभ्य कुटुंबांनीं येण्याचें ठिकाण आहे, असें तो म्हणे. पुढच्या महागड्या जागांवर बसणारांनीं कोट व टाय घालूनच यावें असा त्याचा आग्रह असे. वरच्या बाजूच्या स्वस्त जागांवर कारकून, मजूर, विद्यार्थी दाटीनें बसत. आसनांचे रंग भावाप्रमाणें निरनिराळे होते, आणि आपण कोणत्या रंगांत बसतों यावरून टोरोंटोचा माणूस आपली पायरी ओळखीत असे.

पण या घराचे खरे प्रेक्षक आंत बसत नव्हतेच. ते देशभर आपापल्या घरीं बसत होते. फॉस्टर ह्यूइट हा तरुण वार्ताहर १९२३ पासून म्युच्युअल स्ट्रीटच्या घरांतून हॉकीचें वर्णन रेडिओवर सांगूं लागला होता. तेथें त्याला कांचेच्या एका कोंदट पेटींत बसवीत. श्वासानें कांचेवर धुकें धरे आणि खेळ दिसेनासा होई. नवें घर बांधतांना त्याची बैठक कोठें असावी, हा प्रश्न निघाला. तेव्हां तो ईटन कंपनीच्या उंच इमारतींत गेला आणि एकेका मजल्यावरून खालीं रस्त्यावर चालणारीं माणसें न्याहाळूं लागला. कोणत्या उंचीवरून माणूस स्पष्ट ओळखूं येतो आणि तरी सारा रस्ता नजरेच्या टप्प्यांत राहतो, हें त्याला पाहावयाचें होतें. पांचवा मजला त्याला पसंत पडला. त्याची उंची मोजली; ती भरली ५६ फूट. त्या मापानें बर्फापासून ५६ फूट उंचीवर, छताला लटकलेली एक लांबट खोली त्याच्यासाठीं केली. वायुनौकेच्या पोटाखालच्या खोलीसारखी ती दिसे, म्हणून तिला ‘गोंडोला’ हें नांव पडलें.

या खोलींतून दर शनिवारीं रात्रीं ह्यूइटचा किंचित् चिरका, चढता स्वर सबंध कॅनडाभर पसरे. कॅनडांतील, संयुक्त संस्थानांतील आणि तेव्हां निराळ्या असलेल्या न्यू फाउंडलंडमधील हॉकीप्रेमी मंडळींना तो आरंभीं नमस्कार करी. फटका मारला, गोल झाला, हे त्याचे दोनच लहान उद्गार लोकांच्या तोंडीं म्हणीसारखे बसले. प्रेअरीच्या सपाट प्रदेशांत शेजारचें घर कोसावर, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आंत शेगडीभोंवतीं बसलेलें कुटुंब रेडिओकडे कान लावून आहे, असें हें त्या काळचें चित्र. टोरोंटो ज्यांनीं जन्मांत पाहिलें नाहीं त्यांना मेपल लीफ गार्डन्स मात्र ठाऊक होतें. दुसऱ्या महायुद्धांत या वर्णनांच्या तबकड्या समुद्रापार सैनिकांकडे पाठवीत. श्रोतेहो, आपणहि या क्षणीं मला पाहत नाहीं, केवळ ऐकत आहां. तेव्हां नुसत्या आवाजानें एखादी वास्तु मनांत कशी उभी राहते, हें मीं निराळें सांगावयास नको.

या घरानें पाहिलेल्या रात्रींपैकीं दोनतीन सांगतों. ३ एप्रिल १९३३ रोजीं टोरोंटो व बोस्टन यांचा सामना ठरलेल्या साठ मिनिटांत एकहि गोल न होतां बरोबरींत राहिला. नियमाप्रमाणें गोल होईपर्यंत खेळ चालवावयाचा. एक जादा डाव झाला, दोन झाले, पांच झाले. अखेर सहाव्या जादा डावांत केन डोराटी या लहानखुऱ्या खेळाडूनें गोल केला, तेव्हां जादा खेळाचींच १०४ मिनिटें व ४६ सेकंद होऊन गेलीं होतीं आणि मध्यरात्र केव्हांच उलटली होती. इतका वेळ ह्यूइट एकटा बोलत होता.

दुसरी रात्र १४ फेब्रुवारी १९३४ ची. त्याआधीं दोन महिने बोस्टन येथें तेथील एडी शोअर या खेळाडूनें मागून धक्का दिल्यामुळें टोरोंटोचा एस बेली बर्फावर डोकें आपटून पडला होता. त्याची कवटी फुटली. शस्त्रक्रिया होऊन तो वांचला. खेळणें मात्र कायमचें सुटलें. त्याच्या साहाय्यासाठीं इतर संघांतील निवडक खेळाडू या घरांत टोरोंटोविरुद्ध खेळले. त्यांत शोअरहि होता. बर्फाच्या मध्यावर बेली साध्या कपड्यांत उभा होता. शोअर त्याच्याजवळ गेला आणि दोघांनीं हस्तांदोलन केलें. क्षणापूर्वीं श्वास रोखून बसलेल्या प्रेक्षकांनीं त्यावर टाळ्यांचा कडकडाट केला. त्या सामन्यानें बेलीसाठीं सुमारें वीस हजार डॉलर जमले. खेळानें माणूस सुधारतो असें आम्ही शिक्षक वर्गांत सांगतों. त्याला असा पुरावा क्वचितच मिळतो.

तिसरी रात्र २१ एप्रिल १९५१ ची. त्या रात्रीं बिल बॅरिल्को या तरुण बचावपटूनें माँट्रिआलविरुद्ध जादा डावांत गोल करून टोरोंटोला स्टॅन्ली चषक मिळवून दिला. चारच महिन्यांनीं तो मासे धरण्यासाठीं उत्तरेकडे गेला असतां त्याचें लहान विमान नाहींसें झालें. अकरा वर्षें शोध लागला नाहीं आणि तेवढीं वर्षें टोरोंटोकडे चषकहि आला नाहीं. १९६२ च्या एप्रिलमध्यें चषक आला, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें अरण्यांत विमानाचे अवशेष सांपडले. हा योगायोगच खरा. परंतु जुन्या वास्तूंभोंवतीं असे योगायोग दंतकथा होऊन राहतात.

या छताखालीं केवळ हॉकीच झाली असें नाहीं. १९३२ च्या मार्चमध्यें विन्स्टन चर्चिल यांनीं येथें व्याख्यान दिलें. १ नोव्हेंबर १९४६ रोजीं आज एन. बी. ए. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बास्केटबॉल मंडळाचा अगदीं पहिला सामना येथेंच झाला. १९६४, १९६५ व १९६६ अशीं लागोपाठ तीन वर्षें बीटल्स येथें गायिले. १९६६ च्या मार्चमध्यें महंमद अली याच्यापुढें टोरोंटोचा जॉर्ज शुव्हालो पंधराहि फेऱ्या पाय न ढळतां उभा राहिला. बर्फावर फळ्या अंथरल्या कीं तेंच मैदान सभागृह होई.

१९६१ सालीं स्माइदनें आपला ताबा विकला आणि घर नव्या मालकांकडे गेलें. पुढें त्यांतील हॅरल्ड बॅलर्ड हाच सर्वाधिकारी झाला. १९६७ च्या मे महिन्यांत टोरोंटोनें येथें स्टॅन्ली चषक जिंकला. तो या घरानें पाहिलेला शेवटचा चषक. बॅलर्डची दृष्टि हिशेबाची होती. भिंतीवर राणीचें भव्य चित्र होतें. तें काढून त्या जागीं आसनें घातलीं. १९७९ च्या ऑगस्टमध्यें ह्यूइटचा गोंडोला उतरविला आणि धनिकांच्या खासगी कक्षांना जागा करण्यासाठीं तो मोडून टाकला. ज्या खोलींतून देशाला आवाज गेला ती एखाद्या पदार्थसंग्रहालयांत ठेवण्याचेंहि कोणाला सुचलें नाहीं, किंवा सुचलें तें वेळेवर झालें नाहीं.

याहून काळें एक पान आहे, आणि तें वगळून ही हकीकत सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९९७ सालीं असें उघडकीस आलें कीं, या घरांतील कांहीं नोकरांनीं अनेक वर्षें, हॉकीच्या ओढीनें येणाऱ्या लहान मुलग्यांना फुकट तिकिटांचें व आंत शिरकाव देण्याचें आमिष दाखवून त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले होते. एका पीडितानें धैर्य करून तोंड उघडलें, तेव्हां इतरहि पुढें आले आणि अपराध्यांना शिक्षा झाल्या. ज्या वास्तूविषयीं लोकांच्या मनांत भक्ति असते, तिच्याकडे शंकेनें पाहण्यास कोणी धजत नाहीं. आणि नेमका याचाच फायदा दुष्ट माणसें घेतात. जुन्या वास्तूचा अभिमान बाळगणारांनीं हाहि तिचा इतिहासच आहे हें विसरूं नये.

तोंवर घर म्हातारें झालें होतें. मार्गिका अरुंद, आसनें दाटीचीं. नव्या क्रीडागृहांचें उत्पन्न ज्या श्रीमंती कक्षांवर चालतें ते कक्ष येथें थोडे. १३ फेब्रुवारी १९९९ रोजीं मेपल लीफ्स संघाचा या घरांतील शेवटचा सामना झाला, आणि तोहि शिकागोशींच. पहिल्या रात्रीं पहिला गोल करणारा मार्च व त्याच सामन्यांत टोरोंटोकडून खेळलेला रेड हॉर्नर हे दोघे वृद्ध बर्फावर आले. १९३१ सालीं वापरलेली तीच पक त्यांनीं मध्यावर टाकली. सामना शिकागोनें ६-२ असा जिंकला. नंतर हॉर्नरनें संघाचा नायक सुंदीन याच्या हातीं ध्वज दिला, आणि संघ नव्या घरीं निघून गेला.

यंत्र थांबलें, बर्फाचें पाणी झालें. पुढें कित्येक वर्षें काय करावें हें ठरेना. २००४ सालीं लॉब्लॉ या किराणा दुकानांच्या कंपनीनें घर विकत घेतलें. २००७ सालीं तें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालें. परंतु पाटी लावल्यानें घर जगत नाहीं. जवळच रायर्सन विद्यापीठ आहे. २०२२ पासून त्याचें नांव टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ असें झालें आहे. त्याला व्यायामशाळेसाठीं जागा हवी होती. २००९ सालीं कंपनी व विद्यापीठ यांनीं असें ठरविलें कीं खालीं दुकान असावें आणि वर, त्याच घुमटाखालीं, क्रीडागृह असावें. विद्यापीठाच्या भागाला सहा कोट डॉलर लागणार होते. दोन कोट केंद्र सरकारनें द्यावयाचे, दोन कोट विद्यापीठानें देणग्यांतून उभारावयाचे, आणि उरलेले दोन कोट विद्यार्थ्यांनीं. विद्यार्थ्यांनीं मतदान करून आपल्या शुल्कांत वाढ करून घेतली आणि आपला तिसरा हिस्सा उचलला.

माझ्या मतें हें घर कां टिकलें याचें उत्तर येथें आहे. पाडलेलीं चार घरें कांहीं कमी कीर्तीचीं नव्हतीं. तेथेंहि चषक आले, तेथेंहि हजारों डोळे ओले झाले. येथें मात्र दोन वेळां, १९३१ सालीं व २००९ सालीं, निर्णायक क्षणीं थोडक्या मिळकतीच्या माणसांनीं आपल्या खिशांतून वांटा दिला. पहिल्या वेळीं मजुरांनीं मजुरीचा पांचवा हिस्सा दिला, दुसऱ्या वेळीं विद्यार्थ्यांनीं खर्चाचा तिसरा. दोन्ही वेळां त्यांनीं जें मागितलें तें स्मारक नव्हतें. मजुरांना काम हवें होतें आणि विद्यार्थ्यांना खेळावयास जागा. नुसत्या आठवणीसाठीं घर राखावयाचें म्हटलें तर आठवण असणारीं माणसें एक दिवस संपतात. उपयोगासाठीं राखलें तर दरवर्षीं नवीं माणसें येतात.

दुकान ३० नोव्हेंबर २०११ रोजीं उघडलें. जुन्या मैदानाचा मध्यबिंदु जेथें होता तेथें दुकानाच्या फरशीवर एक तांबडा ठिपका काढलेला आहे; डबे व बरण्या निवडतां निवडतां गिऱ्हाइकें त्यावरून चालतात. जुनीं निळीं आसनें भिंतीवर मेपलच्या पानाच्या आकारांत बसविलीं आहेत. २०१२ सालीं वरच्या मजल्यावरील बर्फ तयार झाला. तेथें आतां अडीच हजारांहून थोडे अधिक प्रेक्षक बसतात. पूर्वींच्या सोळा हजारांपुढें ही संख्या लहान आहे. परंतु मान वर केली तर घुमट तोच आहे, १९३१ चा.

१ जानेवारी २०२४ रोजीं स्त्रियांच्या नव्या व्यावसायिक हॉकी लीगचा अगदीं पहिला सामना खेळविण्यासाठीं हेंच घर निवडलें गेलें. ज्या बर्फावर अडुसष्ट हंगामांच्या आगेंमागें पुरुषांचा मोठा संघ खेळला, त्याच छताखालीं या वेळीं बायका पोटासाठीं व कीर्तीसाठीं खेळल्या. न्यूयॉर्कनें टोरोंटोला ४-० असें हरविलें. उद्घाटनाच्या सामन्यांत यजमान हरले होते, निरोपाच्या सामन्यांत हरले होते, आणि या नव्या आरंभींहि हरले! घराला त्याची संवय झाली असावी. त्या दिवशीं प्रेक्षक पांगल्यावर यंत्रगाडी नेहमीप्रमाणें बर्फावर फिरली असेल, गरम पाणी ओरखड्यांत उतरलें असेल, आणि सकाळीं विद्यार्थ्यांसाठीं बर्फ पुन्हां कोरा झाला असेल. जोंवर हें रोजचें काम करणारे आहेत, तोंवर त्या घराला जुनें म्हणावें. पडीक म्हणूं नये.